तीन बोटं माया

सुखदेव मास्टर कुणाचंही माप न विचारता घेतात. रस्त्यात घेतात, पंगतीत घेतात. एकदा तर मयतीत घेतलं. मेलेल्याचं नाही, खांदेकऱ्याचं. तिरडी चालू असताना मागून येऊन त्याच्या दोन्ही खांद्यांवर टेप टाकला आणि म्हणाले, "डावा खांदा दोन बोटं खाली हाये तुहा. उजवीकडून धर, नाहीतं बुढा कलंडन."

माझं माप घेतलं ते भर आंदोलनात. संग्रामपूरला कचेरीसमोर आमचं धरणं चालू होतं. विषय पाण्याचा. आमचा सगळा खारपाण पट्टा. विहिरीचं पाणी खारं, बोअरचं त्याहून खारं. तेच पिऊन पिऊन इथं घरोघरी माणसांच्या किडन्या गेल्या, आणि निवेदनं घेणारे साहेब टेबलावर बाटलीबंद पाणी ठेवून आमचं ऐकतात. मी हे पत्रकात लिहितो, भाषणात सांगतो, इथंही सांगून ठेवतो. पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे.

तर मी माईकवर. मूठ वर. "आमच्या सहनशीलतेचा अंत" एवढं म्हणतोय तोच काखेखालून काहीतरी गार सरपटलं. पाहतो तर छातीभोवती टेप.

"बोल तू, बोल," मागून आवाज आला. "फक्त श्वास घे."

मी बोलत राहिलो. दुसरं काय करणार? तेवढ्यात मास्टरांनी माझ्या खांद्यावरून मान पुढं काढली आणि माईकमध्ये जाहीर केलं, "चौतीस. घेतला तरी चौतीस, सोडला तरी चौतीस. नेते श्वास घेऊनच नाही राह्यले, बाप्पा! नुसते सोडूनच राह्यले!"

धरण्याला बसलेले हसले. बंदोबस्ताचा हवालदारही हसला. त्या दिवशी टाळ्या पडल्या, पण त्या माझ्या मागणीला नव्हत्या.

वरवट बकालला बाजार ओट्यांजवळ त्यांचं दुकान आहे, ‘न्यू फॅशन टेलर्स’. त्यातलं ‘न्यू’ माझ्या जन्माआधीचं आणि फॅशन त्याच्याही आधीची. मास्टर पासष्टीच्या पुढचे, अंगानं तुऱ्हाटी, तुरीची वाळकी काडी, कानाला पेन्सिल, गळ्यात टेप. जेवतानाही टेप गळ्यातच असतो, त्याला हळदीचे डाग आहेत. मी "जयभीम मास्टर" म्हणतो, ते "राम राम नेते" म्हणतात. पण ‘नेते’ हा शब्द ते ज्या सुरात काढतात त्या सुरात आमच्याकडं लोक गोऱ्ह्याला हाक मारतात.

त्यांचं म्हणणं असं, की माणसाला दिल्लीत काय चाललंय ते माहीत असतं, स्वतःचं माप माहीत नसतं. "कमर किती म्हनलं का मानूस लग्नातली सांगते. मंग मी टेप लावतो तं माह्यावरच चिडते!" दुःखाचंही ते मापच सांगतात. घरात मोठं काही झालं की माणसाचे खांदे कानापाशी चढतात, मग पोट आत जातं, मग श्वास अर्धा होतो. "मानूस म्हन्ते, मी ठीक हाव. मी त्याच्या तोंडाकडं पाहातच नाही. मी कॉलर पाहातो. मांगून उचलली असन तं समजाचं, ठीक नाही."

रेडिमेडवर त्यांचा राग आहे. "रेडिमेड म्हंजे कोनाचंच माप नाही. जो मानूस झालाच नाही त्याच्यासाठी शिवेल शर्ट. तो घालून तुमी हिंडता आन् म्हन्ता, मले कोनी वयखत नाही!"

आणि माया. शिंप्याच्या बोलीत माया म्हणजे शिलाईच्या आत सोडलेलं जादा कापड. पुढं माणूस सुटला तर टाके उसवून कपडा सैल करता येतो. बाकीचे टेलर बोटभर माया ठेवतात. आमचे मास्टर तीन बोटं ठेवतात. मी एकदा शर्ट शिवून घेतला तर तो अंगात घातल्यावर वजन जाणवायचं.

"मास्टर, अर्धा शर्ट तर आतच राहिलाय."

"राहू दे ना. उद्या तुही बायको सयपाकाले चांगली निंगाली तं? तवा कोनाच्या तोंडाकडं पाहाशीन?"

आता माझ्या चुकीकडं येतो. दुसऱ्यांच्या चुकांवर मी आजवर पुष्कळ पत्रकं काढली. स्वतःच्या चुकीवर लिहितोय ते हेच पहिलं.

आम्ही पाण्याच्या प्रश्नावर पत्रक काढत होतो. त्यात गावातल्या चार माणसांचं म्हणणं टाकायचं होतं. मी मास्टरांच्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. मशीन धडधडत होतं. "मास्टर, किडनीच्या पेशंटसाठी काय केलं पाहिजे? एका वाक्यात सांगा."

"माया ठेवा," मास्टर मान वर न करता म्हणाले. "कमीत कमी तीन बोटं."

मला वाटलं, म्हातारा कवितेत शिरला. तीन बोटं मी छाटून टाकली आणि छापलं: ‘पेशंटच्या आणि त्याच्या घरच्यांच्या पाठीशी उभे राहा. त्यांच्यावर माया ठेवा! – सुखदेव मास्टर, न्यू फॅशन टेलर्स, बाजार ओट्याजवळ.’ पत्ता टाकला की मजकुराला वजन येतं, असं आम्हाला शिकवलेलं.

तिसऱ्या दिवशी मास्टर पत्रक हातात घेऊन चहाच्या टपरीवर आले. "अबे, म्या बाहीचं सांगतलं!"

मग कळलं. डायलिसिसच्या माणसाच्या हातावर एका शिरेचं ऑपरेशन करतात. ती शीर टरारून फुगते, आणि दर खेपेला सुई तिथंच. नेहमीची बाही त्या फुगवट्याला घासते, वर सरकत नाही, पेशंटला अख्खा शर्ट काढून थंडीत पडून राहावं लागतं. मास्टर अशा माणसांसाठी वेगळी बाही शिवत होते. आत तीन बोटं माया, खांद्यापासून टिचबटणं, उघडली की हात मोकळा. हे ते कितीतरी दिवसांपासून करत होते आणि मी पाण्याचा कार्यकर्ता असून मला पत्ता नव्हता.

"आन् तू छापून राह्यला जसा मी कीर्तनकार हाव! दुरुस्ती काढ. उद्याच्या उद्या."

पुढच्या पत्रकात काढतो, म्हणालो. सरकारला मी पंधरा दिवसांची मुदत देतो. स्वतःला मुदत द्यायचं सुचलं नाही, म्हणून ते राहून गेलं.

आणि मग रामभाऊ आले.

रामभाऊ शेजारच्या खेड्यावरचे, साठीचे. बायको दोन वर्षांपूर्वी ह्याच रोगानं गेलेली. त्या दिवशी मी दुकानातच होतो, बटण लावून घ्यायला. ते पायरीवर चप्पल काढून आत आले, जसं देवळात येतात, आणि खिशातून चार घड्या घातलेलं माझं पत्रक काढलं.

"इथं ठेवतात म्हने."

"काय ठेवतात?"

"माया."

मशीन थांबलं. मास्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी बटणांच्या डब्यात तोंड खुपसलं. आता हे चूक सांगणार, आणि तो माणूस घड्या घालून पत्रक परत खिशात ठेवणार, ह्या कल्पनेनं मी बटणं मोजायला लागलो. मास्टरांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. मग गळ्यातला टेप काढून म्हणाले, "उभे राहा."

त्यांनी रामभाऊंचं माप घेतलं. सावकाश. गळा, खांदा, बाही, मनगट. शर्टाला घोट्याचं माप लागत नाही. मास्टरांनी घोट्याचंही घेतलं. शेवटी छातीला टेप लावला आणि म्हणाले, "श्वास घ्या. अजून. माह्या हाताले लागू द्या." रामभाऊंचा श्वास टेपपर्यंत आला आणि तिथं फुटला. दोन्ही हात पसरून, मापाला उभं राहतात तसे उभे राहूनच ते रडले.

"दोन वर्सं झाले मास्टर, कोनी हातच नोता लावला."

"हलू नका," मास्टर म्हणाले. "पाठ राह्यली अजून."

पुढच्या आठवड्यात रामभाऊ आणखी एकाला घेऊन आले. त्यानं तिसऱ्याला आणलं. सगळे बापे. बायका दळणावर, पाण्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून मोकळ्या होतात. बाप्याला ह्या गावात रडायला जागा नाही. पानठेल्यावर राजकारण आणि घरी भिंत. हे कुणाच्या जाहीरनाम्यात येत नाही, माझ्या पत्रकातही आलं नव्हतं.

दुकान पुरेना तेव्हा ते रविवारी सकाळी बाजाराच्या रिकाम्या ओट्यावर भरू लागले. ओटा ना देवळाचा, ना विहाराचा. तिथं कुणीही बसतं, म्हणून सगळ्यांनाच बसता आलं. गोल करून उभं राहायचं. एकच टेप. प्रत्येकानं पुढच्याचं माप घ्यायचं आणि टेप पुढं द्यायचा. ज्याच्या छातीला टेप आहे त्यानं गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. हा नियम मास्टरांचा नाही, त्या लोकांनीच कधीतरी घालून घेतला. मग डोळे मिटून उभं राहायचं आणि मास्टर गोलाच्या बाहेरून हिंडत सूचना देणार.

"पाय कुठं हायेत? चप्पल नाही इचारली, पाय!"

"हायेत मास्टर."

"मनात नका पाहू, आंगठ्यात पाहा."

"आंगठ्यात मुंग्या हायेत हो."

"असू द्या. मुंग्याईले बी घ्या गोलात."

माझ्या धरण्याला सात जण आणि ह्या मापाला अठरा. मी तापलो. माझ्या सभेला जमावबंदीची नोटीस निघते. ह्यांच्या गोलाची चौकशी करायला तोच हवालदार आला, टोपी काढून माप देऊन गेला, आणि जाताना म्हणाला की बदली झाल्यापासून असा श्वास घेतला नव्हता.

मी मास्टरांना गाठून सुनावलं. "हे भजन झालं मास्टर. पाणी खारं आहे ते खारंच आहे. श्वास घेऊन पाइपलाइन येत नाही. आणि माणसं अशी निवांत झाली तर भांडणार कोण?"

मास्टर सुईत दोरा ओवत होते. "तुहं खरं हाये," म्हणाले.

मला ह्याची सवय नव्हती. मी पुढचा मुद्दा तयार ठेवला होता, तो तसाच राहिला.

"पन रामभाऊ तुह्या मोर्च्यात काऊन नोते येत? भेत नोते ते. त्याईले उभंच नोतं राहाता येत." दोरा ओवून झाला. "आता नेऊन पाहाय."

पुढच्या मोर्च्यात रामभाऊ आले. चप्पल तुटली तरी संग्रामपूरपर्यंत आले. पाणी अजून खारंच आहे, तेही लिहून ठेवतो.

एका रविवारी मी ओट्यावर पत्रकं वाटायला गेलो. रामभाऊंनी काही न विचारता टेप माझ्या छातीला लावला. "नाव?"

मी माझं नाव सांगितलं.

"तुहं नाही बे. गेलं त्याचं."

बाबा ह्याच पाण्यानं गेले तेव्हा मी पत्रक काढलं होतं. त्यानंतर प्रत्येक भाषणात मी त्यांना ‘बळी’ म्हणत आलो. ओट्यावर पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं. पुंडलिक. रामभाऊंचे खरबरीत हात माझ्या पाठीवर होते आणि माझे खांदे, जे एवढे वर चढलेत हे मला माहीतच नव्हतं, ते सावकाश खाली आले. माप किती भरलं ते कुणी सांगितलं नाही. मी पत्रकं तशीच घरी घेऊन गेलो.

पण एक गोष्ट मला टोचत होती. टेप अठरा जणांभोवती फिरायचा आणि परत मास्टरांच्या गळ्यात जायचा. मास्टर स्वतः गोलात कधी उभे राहिले नाहीत. कोपरं सरळ करत, माना सोडवत, बाहेरच्या बाहेर हिंडायचे. "तुम्ही या ना," म्हटलं की "मले काम हाये." आणि दर रविवारी मला बाजूला घेऊन एकच विचारायचे, "दुरुस्ती कवा काढून राह्यला?"

"आता कशाला मास्टर? चांगलंच झालं ना चुकीनं."

"काढ म्हन्तो ना."

मला वाटायचं, बाहीचा अपमान अजून विसरलेले नाहीत. गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांनी मला पेचात धरलं. "ह्या आठोड्यात दुरुस्ती काढ. इथं माया ठेवत नाहीत असं छाप, मोठ्या अक्षरात. नाहीतं रविवारी मी येत नाही."

मी काढली नाही. ते आले नाहीत.

अठरा माणसं गोल करून उभी, टेप नाही. कुणी कुणाला हात लावेना. टेपशिवाय हात कुठं ठेवायचा तेच त्यांना कळेना. असेच आणखी दोन रविवार गेले असते तर हे अठरा आपापल्या भिंतींकडं परत गेले असते, हे मला स्वच्छ दिसलं. मी दुकानाकडं निघालो.

शटर अर्धं खाली. आत मास्टर कापड बेतत होते.

"दुरुस्ती आनली?"

"नाही. मास्टर, दुरुस्ती काढली तर ती माणसं कुठं जातील?"

"खोट्यावर चालून राह्यलं ते समदं." त्यांनी कात्री खाली ठेवली. "लोकं माह्या पाया पडून राह्यले, मालूम हाये तुले? म्हन्तात, मास्टरानं लय सोसलं असन, म्हून त्याले समजते. म्या काय सोसलं?"

"म्हणजे?"

"माहं कोनी गेलं नाही, नेते."

मी स्टुलावर बसलो.

"लगन झालं नाही. माय-बाप पिकून गेले, ते समद्याईचेच जातात. भाऊ नाही, बहीन नाही. ह्या घरातून जायाले कोनी आलंच नाही. तिथं उभं राह्यलं का नाव घ्या लागते." त्यांनी कापडावरची घडी हातानं साफ केली. ती आधीच साफ होती. "म्या कोनाचं घेऊ?"

मी त्यांची कात्री उचलली आणि होती तिथंच परत ठेवली.

"दिवसभर लोकाईचे गळे, लोकाईचे मनगटं," मास्टर म्हणाले. "शटर पाडलं का मंग झालं. जाय आता. दुरुस्ती काढ."

मी ओट्यावर परत आलो आणि सगळं सांगून टाकलं. अठराच्या अठरा जणांसमोर. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, ते छापलं जातं नाहीतर बोललं जातं.

मग एक जण म्हणाला, "म्हंजे मास्टर आपल्यातले नाहीच?"

"अबे, आपुन तं एकेक जन गमावला," रामभाऊ म्हणाले. "त्याले तं गमवाले बी भेटला नाही." आणि ते ओट्यावरून उतरून चपला शोधू लागले.

मागोमाग सगळे उतरले. न घोषणा, न फलक. बाजारातून जाताना लोक विचारत होते, कुणाचं काय झालं. त्यांना सांगायला कुणापाशी काही नव्हतं.

दुकानासमोर एवढी माणसं पाहून मास्टर शटरखालून वाकून बाहेर आले. हातात कात्री. चेहरा उतरलेला. "काय झालं? कोन गेलं?"

"कोनी नाही गेलं," रामभाऊ म्हणाले. "उभे राहा."

"रामभाऊ, माह्यापाशी नाव नाही. मी कोनाचं..."

"नका घेऊ नाव. उभे राहा."

रामभाऊंनी त्यांच्या हातातली कात्री काढून माझ्याकडं दिली आणि गळ्यातला टेप ओढून घेतला. मास्टरांनी हात पसरले. आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलेल्या माणसाला ते धड जमलं नाही. कोपरं वाकडी राहिली, एक हात वर, एक खाली. रामभाऊंनी टेप पाठीमागून नेला, छातीवर जुळवला आणि बोटं तिथंच दाबून धरली.

"श्वास घ्या, मास्टर."

मागं एक ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. आमच्यातला एक जण जाऊन त्याच्या हँडलवर हात ठेवून उभा राहिला. मास्टरांची छाती हलली. मग थोडी आणखी हलली.

रामभाऊ आकड्यावर वाकले. डोळे बारीक केले. "ब्याऐंशी!"

रस्ताभर हशा पिकला. तुऱ्हाटीएवढ्या माणसाची छाती ब्याऐंशी! मास्टरही हसले, हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले आणि पुसायला हात मोकळे नव्हते. "उलटा धरला टेप, रामभाऊ. ते सेंटिमीटरची बाजू हाये."

"मंग किती म्हनाचं?"

आकडा त्यांच्या हनुवटीखालीच होता. उलटा आकडा वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी खाली पाहिलं नाही. रस्त्याच्या पलीकडं कुठंतरी पाहत त्यांनी दोन्ही हात पुन्हा नीट पसरले, ह्या वेळी अगदी सरळ.

"चुकलं," म्हणाले. "पुन्यांदा घ्या."